‘सायकलच तर आहे!’

गेल्या डिसेंबरात मी एका माणसाचं मनगट मोडलं. भांडणात नाही. ऑफिसातून सायकलवर घरी येताना.

मी पुण्यात कोंढव्याला राहतो, ऑफिस हडपसरच्या बाजूला. जाऊन-येऊन साधारण अठरा किलोमीटर. लॉकडाऊनमध्ये वजन वाढलं म्हणून सायकल घेतली आणि मग तिची सवयच लागली. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्यांच्या शेजारून पुढे निघून जाण्यात एक मजा असते, ती मी नाकारणार नाही. माझ्या गल्लीसमोर मात्र एक लांबलचक दुभाजक आहे. नियमाने यायचं तर गल्ली ओलांडून सातशे मीटर पुढे जायचं, यू-टर्न घ्यायचा आणि तेवढंच मागे यायचं. दोन वर्षं मी काय करत होतो? दुभाजक सुरू व्हायच्या आधीच सायकल पलीकडे घालायची आणि शेवटचे तीनशे मीटर उलट्या दिशेने, फुटपाथला चिकटून काढायचे. सव्वा मिनिटाचं काम.

त्या संध्याकाळी सव्वासात वाजले होते, अंधार पडलेला. पुढच्या लाइटची बॅटरी चार दिवसांपूर्वीच संपली होती. चार्ज करू, करू म्हणत राहिलेली. एका डेअरीसमोर एक चाचा फुटपाथवरून खाली उतरले. उतरण्याआधी त्यांनी नीट उजवीकडे पाहिलं, म्हणजे त्या बाजूने गाड्या जिकडून येतात तिकडे. मी डावीकडून आलो. सायकलला आवाज नसतो. मी ब्रेक दाबला तेव्हा हँडल त्यांच्या बरगडीला लागलं होतं आणि ते हात टेकून पडले होते.

यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं. लोक जमले. पहिला प्रश्न मला, “भाई, आपको लगा तो नहीं?” दुसरं वाक्य चाचांना, “चाचा, देख के चलो ना!” आणि चाचा ओशाळले. मोडलेला हात छातीशी धरून पुटपुटले, “मैं तो गाडियों की तरफ ही देख रहा था.” चाचा कपड्यांच्या अल्टरेशनचं काम करतात. उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्याचं बिल त्यांनी मला भरू दिलं, बुडालेल्या कामाचे पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात. शेवटी त्यांच्या मुलाकडे दिले.

दुसऱ्या दिवशी हा प्रकार मित्रांना सांगितला. त्यांनी मला धीर दिला. “जाऊ दे रे, सायकलच तर होती. बाइक असती तर काय झालं असतं?”

माझं भांडण या वाक्याशी आहे. सायकलच तर आहे! मी दोन वर्षं याच वाक्याच्या जिवावर राँग साइडने येत होतो, याच वाक्याच्या जिवावर सिग्नल तोडत होतो, झेब्रा क्रॉसिंगवर चालणाऱ्यांच्या मधून सायकल काढत होतो. तुमच्यातले जे कॉलेजला, क्लासला, कामाला सायकलवर जातात, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं की त्यांच्याही तोंडी हे वाक्य नाही. मागून कर्णकर्कश हॉर्न वाजवत, आपल्या खांद्याला आरसा घासत जाणारा कारवालाही मनात हेच म्हणत असतो : सायकलच तर आहे, होईल बाजूला. आणि रस्त्याचा आराखडा काढणारा सायकल ट्रॅक कुठल्याशा विजेच्या डीपीसमोर आणून संपवतो, तेव्हा त्याच्याही डोक्यात वेगळं काही नसतं. तिघांचं वाक्य एकच. मग त्यांच्यावर रागावण्याआधी आपण ते वापरणं सोडणार आहोत की नाही?

सायकल नेहमी अशी ‘तर’ नव्हती. माझे अब्बा खडकीच्या कारखान्यात होते. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. अब्बांच्या सायकलला पितळी बिल्ला होता, कारण सायकलवर कर होता. डायनॅमो होता, कारण रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचे, दंड घ्यायचे, नाहीतर चाकातली हवा सोडून द्यायचे. डबलसीटवर तर हमखास धरायचे. त्या कटकटीचं मला कौतुक करायचं नाही, गरीब माणसाला त्याचा त्रासच झाला. पण एवढं खरं की सायकलला तेव्हा वाहन म्हणून मोजत होते. मग स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, सायकल शाळकरी पोरांची आणि वॉचमनची झाली आणि मोजणीतूनच गेली. रस्त्यावरची तिची जागा गेली आणि तिच्यावरची जबाबदारीही गेली. हा सौदा आपल्याला फायद्याचा वाटला. तो तसा नव्हता.

कायद्याचंही तेच. मोटार वाहन कायद्यातल्या ‘मोटार वाहना’च्या व्याख्येत सायकल बसत नाही, कारण ती यंत्रावर चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट्या दिशेने गाडी घालणं आणि सिग्नल तोडणं हे कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. मोटारसायकलवाल्याला. मला त्या कलमाखाली काही होत नाही. कमी वेगाच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या छोट्या इ-बाइकही अशाच मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी पोरं त्यांच्यावर डिलिव्हरी करतात. लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, आवाजही नाही, आणि वजन सायकलच्या तिप्पट-चौपट. तिथेही वाक्य तेच : सायकलसारखीच तर आहे.

राँग साइडवाल्यांचा एक लाडका युक्तिवाद आहे. “समोरून येणारी गाडी दिसते तरी, मागून येणारी दिसतच नाही.” मीही हेच म्हणायचो. इंजिनियर असून कधी साधं गणित मांडलं नव्हतं, ते चाचांच्या एक्स-रेच्या रांगेत बसून मांडलं. सायकल ताशी १५ किलोमीटर, स्कूटर ४०. दोघं एकाच दिशेने जात असतील तर स्कूटर सायकलच्या दिशेने येते ती फरकाच्या वेगाने, २५ ने. समोरासमोर असतील तर बेरजेच्या, म्हणजे ५५ ने. वळणावर किंवा उभ्या टेम्पोमागून तीस मीटरवर नजरानजर झाली, तर पहिल्या प्रकारात चार सेकंदांहून जास्त वेळ मिळतो, दुसऱ्यात जेमतेम दोन. त्या दोन सेकंदांत समोरच्याने बघायचं, समजून घ्यायचं, ब्रेक दाबायचा. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ चे ५५ झाले की जोर दुप्पट नाही, जवळजवळ पाचपट. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने गाड्यांकडे तोंड करून चालावं हा सल्ला बरोबर आहे, कारण चालणारा एका पावलात थांबतो, एका पावलात बाजूला होतो. सायकलस्वार होत नाही.

शिवाय या गणितात चाचा नाहीतच. रस्ता ओलांडणारा माणूस, गल्लीतून बाहेर येणारा रिक्षावाला, पार्किंगमधून निघणारी गाडी, सगळे गाड्या येण्याच्या बाजूला बघतात. उलट्या बाजूने येणाऱ्याला कोणी बघतच नाही, मग तो हळू असो की वेगात.

दिव्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे रात्रीचा सायकलवाला असं समजतो की दिवा रस्ता दिसायला असतो. रस्त्यावर पिवळे दिवे आहेत, मला दिसतंय, मग दिवा कशाला? दिवा आपण दिसण्यासाठी असतो. पुढे पांढरा, मागे लाल. हा रंगसुद्धा महत्त्वाचा, कारण तुम्ही येताय की जाताय ते त्यावरून कळतं. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता आदेश काढला, नव्या सायकलींना ते लागून येतात. आणि आपण पहिल्या आठवड्यात काय करतो? ‘लूक’ बिघडतो म्हणून काढून टाकतो. वीस-पंचवीस हजारांची गियरची सायकल घेताना घंटी नाही, मडगार्ड नाही, दिवा नाही, आणि मोबाइल लावायचा स्टँड मात्र आहे, असली सायकल मी स्वतः घेऊन आलो होतो.

हेल्मेट घाला, जरूर घाला. पण वळणाऱ्या बसच्या किंवा डंपरच्या डावीकडे घुसलात तर हेल्मेट काही कामाचं नाही. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून, फुटपाथच्या कडेने येतात. ड्रायव्हर बसलेला उजवीकडे, त्याच्या डाव्या बाजूचा तुकडा त्याला आरशात पूर्ण दिसत नाही. सिग्नलला बसच्या डावीकडची ती चिंचोळी पट्टी सायकलवाल्यासाठी ठेवलेली वाटते. ती वाट नव्हे. बसच्या मागे थांबा. उभ्या गाड्यांपासूनही हातभर अंतर ठेवा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि तुम्ही स्वतः कार चालवत असाल तर उतरताना उजवं दार डाव्या हाताने उघडा, मग मान आपोआप मागे वळते आणि येणारा दिसतो.

आता दुसरी बाजू, कारण इथपर्यंत वाचून कुठल्या तरी कारवाल्याने मान डोलावली असेल.

सकाळी सहाला माझ्या सोसायटीचा वॉचमन ड्यूटी संपवून निघतो. बारा तास उभा राहिलेला माणूस. त्याची जुनी काळी सायकल, गियर नाही. तोही तो दुभाजक उलट्या बाजूने पार करतो. मी तसंच करत होतो तेव्हा आम्ही दोघं एकच गुन्हा करत होतो का? गणितात हो, धडक त्यालाही तितक्याच जोराची बसेल. माझ्या मनात नाही. मला दीड किलोमीटरचा जादा फेरा साडेपाच मिनिटांचा होता आणि व्यायामच होता. त्याला तो फेरा रात्रीच्या पाळीनंतर, चढावर, भरधाव डंपरांच्या सोबतीने काढायचा आहे. ज्याने तो दुभाजक आखला त्याने चालणारा आणि पायडल मारणारा माणूस गृहीतच धरला नाही. गाडीसाठी सातशे मीटर म्हणजे एक मिनिट. पायी माणसासाठी तोच फेरा वीस मिनिटांचा.

पुण्याने २००६ मध्ये बीआरटी सुरू करताना कडेने सायकल ट्रॅक आखले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या सभेने अख्खा सायकल आराखडा मंजूर केला. पाठोपाठ भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, आणि गेल्याही. ट्रॅकवरून आज ज्याला सलग एक किलोमीटर सायकल नेता येते त्याचा सत्कार करावा. मध्ये दुचाकी लावलेल्या, टपरी, झाड, खांब, मग अचानक फूटभर उंच कड. मग लोक म्हणतात, ट्रॅक आहे तरी सायकलवाले रस्त्यावर येतात!

मोटार वाहन कायद्याच्या त्याच २०१९ च्या दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी आल्या, त्यांची चर्चा फार होत नाही. कलम १९८-अ : रस्त्याच्या आराखड्यात, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेले मापदंड पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार अधिकाऱ्याला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. आणि कलम १३८ चं पोटकलम १-अ : पायी चालणाऱ्यांच्या आणि बिनयंत्राच्या वाहनांच्या सार्वजनिक वावराबद्दल राज्य सरकारला नियम करता येतात. म्हणजे सायकलला पुन्हा मोजायची सोय कायद्यात आहे. वापरायची इच्छा पाहिजे.

“आपल्याकडे हे चालत नाही, ते हॉलंडला.” हॉलंडच्या रस्त्यांवर १९७१ साली तीन हजारांहून जास्त माणसं मेली होती, त्यात चारशेहून जास्त मुलं. तेव्हा तिथेही गाडीसाठीच शहर पाडून रुंद केलं जात होतं. आई-बाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत रस्ते बदलले. ते लोक जन्मतः शिस्तीचे नव्हते.

आणि वेग. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. सायकलवाल्याच्या बेशिस्तीने कोणी मरत नाही असं मी म्हणणार नाही, पण या आकड्यांसमोर उभं राहून ‘आधी सायकलवाल्यांना शिस्त लावा’ म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी. २०२० च्या स्टॉकहोम परिषदेने जगाला सांगितलं की जिथे पायी माणसं, सायकली आणि मोटारी एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरच्या वर वेग नको. आपल्या गल्लीबोळांत याहून वेगळं काय आहे?

“आधी तुमची माणसं सुधारा, मग हक्क मागा.” हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटलं ना? मलाही. एक सायकलवाला सिग्नल तोडतो आणि त्याचा हिशेब समस्त सायकलवाल्यांच्या नावावर लागतो. लाख कारवाले तोडतात, ते मात्र ज्याचे त्याचे. हा हिशेब आपण इतर ठिकाणी इतका सोसला आहे की रस्त्यावर तरी तो मान्य करू नये. सुरक्षित रस्ता हे चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस नाही. राँग साइडने येणाऱ्यालाही जिवंत घरी पोचायचा हक्क आहे.

मग मी उजव्या-डाव्याचा एवढा घोळ का घालतोय? कारण मी नियम पाळायचे ते कारवाल्याकडून सर्टिफिकेट मिळवायला नाही आणि पोलिसाच्या भीतीनेही नाही, तो मला पकडतच नाही. ते पाळायचे चाचांसाठी. रस्त्यावर माझ्याहून मोठे खूप आहेत, पण माझ्याहून लहानही आहेत, आणि त्यांच्यापुढे मीच डंपर असतो. शाळेतून येणारं पोर, काठी टेकत मस्जिदीला निघालेले बुजुर्ग, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली खाला. हॉर्न मारणाऱ्याने माझ्याशी जसं वागू नये असं मला वाटतं, तसं मी चाचांशी वागलो होतो.

अजून एकजण या हिशेबात आहे. माझ्या आपाची मुलगी, आठवीत. शाळेला सायकलवर जायची. एका सकाळी उलट्या बाजूने दोन पोरं डबलसीट आली, ती घाबरून वळली, पडली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण घरात बैठक झाली. तिची ओढणी, बुरखा चेनमध्ये अडकेल इथपासून रस्ता चांगला नाही इथपर्यंत सगळं निघालं. चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवली की कपडा अडकत नाही, हे काम सायकलवाला तासाभरात करून देतो. मोटारसायकलला तर मागे बसणाऱ्याचा कपडा अडकू नये म्हणून अर्ध्या चाकापर्यंतचं संरक्षण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलं आहे. मी हे सगळं बोललो. पण ‘रस्ता सुरक्षित नाही’ यावर मला उत्तर देता आलं नाही, कारण खरंच नाही. आता ती रिक्षाने जाते. सायकल गॅलरीत आहे. तिचा भाऊ, दोन वर्षांनी लहान, अजून सायकलवर जातो, आणि पुष्कळदा उलट्या बाजूनेच. रस्ता बिघडला की घरात आधी कोणाचं बाहेर जाणं बंद होतं ते यावरून बघा. त्या दोन पोरांना माहीतही नसेल की त्यांनी काय बंद केलं.

चाचांचं प्लास्टर जानेवारीअखेर निघालं. दुकान सुरू झालंय, बोटं थोडी आखडतात म्हणतात. रस्ता ओलांडताना ते आता दोन्हीकडे बघतात, आधी डावीकडे.

मी आता सातशे मीटर पुढे जाऊन परत येतो. आणि त्या दुभाजकाला गल्लीसमोर, पायी माणसाला आणि सायकलला जाता येईल एवढी फट, तिथे सिग्नल आणि गाड्यांसाठी गतिरोधक, असा अर्ज लिहिला आहे. वॉचमनने सही केली, चाचांनी केली. शेजारच्या कारवाल्यांनी ‘जाम होईल’ म्हणून नाही केली. मित्रांपैकी तिघांनी केली, त्यातले दोघं सही करायला राँग साइडने आले होते. अर्ज पुढच्या सोमवारपर्यंत माझ्याकडे आहे, मग वॉर्ड ऑफिसला देणार. सही करायला येणार असाल तर संध्याकाळी सातनंतर या. लाइट लावून, यू-टर्न घेऊन.